हाडांकडे लक्ष दे, पोरी

उमरखेड,
नोव्हेंबरअखेर

चि. मनू,


तुझी आई सांगत होती, ब्रिस्टलला चार वाजताच अंधारून येतं, आणि तू दिवसभर आत बसून जुन्या मासोळ्यांच्या हाडांचे एक्स-रे बघतेस. जेवणाच्या जागी कॉफी अन् पाव. ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. इकडे कापसाची वेचणी सुरू आहे, तूर फुलावर आली आहे, मजूर मिळत नाहीत म्हणून दादाची कुरकुर चालू आहे. बाकी सगळं ठीक.

तू पाठवलेलं मी दोनदा वाचलं. निवृत्त झाले तरी विज्ञानाची बाई आहे मी! त्या बिनजबड्याच्या माशांच्या चिलखतातलं ॲस्पिडिन हाड की दाताचा प्रकार, यावर दीडशेहून अधिक वर्षं वाद चालला, आणि २०१८ साली क्ष-किरणांनी आत पाहिल्यावर ते पेशी नसलेलं हाडच निघालं, हे छान. पण माझ्या मनात बसलं ते २०२१ चं, ट्रेमटास्पिसचं. ४० कोटी वर्षांहून जुना तो मासा, आणि त्याच्या हाडातल्या पेशी तेव्हाच आपल्याभोवतीचा क्षार विरघळवून घेत होत्या म्हणे. म्हणजे हाड नुसतं चिलखत नव्हतं, घरातली कणगीही होतं. चुना, फॉस्फरस अडीनडीला त्यातून काढायचा. मग मला सांग, तू ती कणगी भरतेस कधी?

तू सहावीत जांभळावरून पडलीस, गळ्याखालचं आडवं हाड मोडून घेतलंस, आठवतं? रात्रभर रडलीस, अन् महिन्याभरात पुन्हा झाडावर. ते हाड त्या चिलखताच्या वंशातलं, कपाळाचंही तसंच. कूर्चेचा साचा न घेता थेट बनणारं. तेव्हा ते इतक्या लवकर जुळलं, कारण तुझ्या वाट्याला ऊन होतं, ताटात भाकरी होती. आता पंचविशी उलटली. तिशीपर्यंत काय जमा होईल ते होईल, पुढे खर्चच जास्त.

मी पांढरकवड्याकडे शिकवत होते तेव्हा वर्गातल्या मुली हसताना तोंडावर हात धरायच्या. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. म्हाताऱ्या माणसांची पाठ लाकडासारखी ताठ. तोंडातून जे जातं ते हाडात जाऊन बसतं, चांगलंही आणि वाईटही. तेव्हापासून मला कोणी हाडाला दगड म्हटलं की राग येतो. दगड बघायचा तर आपली पैनगंगा पुढे मुकुटबनकडे ज्या चुनखडकाच्या मुलखातून जाते तो बघ. हाडाचा प्राणी जन्मायच्या कितीतरी आधीचा. सगळा चुनाच, पण हाड औषधालाही सापडायचं नाही. चुना ढीगभर असला तरी तो अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, हे तुला मी सांगायचं?

ब्रिस्टलचं हिवाळ्यातलं ऊन त्या कामाचं नाही, हे तूच मागे म्हणाली होतीस. तिथलं सरकारही ऑक्टोबर ते मार्च ड जीवनसत्त्वाची गोळी घ्या म्हणतं, रोज १० मायक्रोग्रॅम. आणि आपली सावळी कातडी. आपल्याला ऊन जास्तच लागतं. सावळ्या लोकांनी तर वर्षभर घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. तरी तू घेत नाहीस, कारण तुला वेळ नाही! ४० कोटी वर्षं थांबलेला मासा आणखी अर्धा तास थांबेल. उठ, चालून ये, जिना चढ. भार पडला की हाड घट्ट होतं.

गावातला एक मुलगा पुढच्या महिन्यात लंडनला निघाला आहे, त्याच्याजवळ तिळाची अन् जवसाची चटणी देते. दुधाबरोबर नको, भाकरीबरोबर खा. भाकरी जमत नसेल तर पावाला लाव, पण खा. आणि एकदा रक्त तपासून घे, ड जीवनसत्त्वाचा आकडा मला कळव. दादाला दाखवणार नाही, उगाच घाबरेल तो.

तुझी,
आत्या