न वाजणारा पियानो

मुंबई-गोव्यातल्या काही जुन्या घरांत पियानो आहे, पण वाजवणारं माणूस परदेशी गेलंय. मग ट्यूनिंगवर पैसे का घालवायचे?

कारण पियानो न वाजवताही बेसूर होतो. साधारण २३० तारा, त्यांचा एकूण ताण १५ टनांहून जास्त. पावसाळ्यात साउंडबोर्डचं लाकूड फुगतं, सूर चढतात. कोरड्या हवेत उतरतात. वर्षानुवर्षं ट्यूनिंग टाळलं, की उतरलेला सूर पुन्हा वर आणताना जुन्या तारा तुटू शकतात. म्हणजे ‘लागेल तेव्हा बघू’ म्हणणं हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत पुढे वाजवू पाहणारा मोजतो.

आठवण म्हणून वस्तू ठेवून घेणं आणि ती सांभाळणं यांत फरक आहे. ट्यूनिंग जमत नसेल, तर तो वाजता आहे तोवर शिकणाऱ्या कुणाला तरी देऊन टाकावा. तेही सांभाळणंच.