शेवटचा माणूस

जहाज बुडू लागले म्हणजे कप्तानाने काय करावे? लहानपणी वाचलेल्या समुद्रकथांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या मनात केव्हाच पक्के करून ठेवलेले असते. कप्तानाने जहाजाबरोबर जावे, असे आपण बेधडक सांगतो. घरात बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मरणाविषयी असे निर्णय देणे सोपेच असते! पण दर्यावर्दी लोकांचा जुना दंडक खरोखर एवढाच आहे की, कप्तानाने सर्वांच्या शेवटी उतरावे. शेवटी उतरणे आणि मुळीच न उतरणे यांत म्हटले तर एका पावलाचे अंतर आहे. नीतीचा सारा प्रश्न त्या एका पावलात आहे.

हा प्रश्न ज्यांच्यापुढे खरोखर उभा राहिला अशा दोघा कप्तानांची आठवण येते. पहिला जर्मन, हान्स लांग्सडोर्फ. त्याच्या 'ग्राफ स्पे' या युद्धनौकेवर अकरा इंची सहा तोफा होत्या. त्यांचा एकेक गोळा सुमारे ३०० किलो वजनाचा. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ च्या उत्तरार्धात, या जहाजाने नऊ व्यापारी जहाजे बुडवली. आश्चर्य असे की, त्या नऊ जहाजांवरचा एकही खलाशी मेला नाही. आधी माणसे उतरवून घ्यायची आणि मग रिकामे जहाज बुडवायचे, असा या कप्तानाचा शिरस्ता होता. माणूस आणि लोखंड यांतला भेद त्याला चांगला कळत होता.

१३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेत प्लाता नदीच्या मुखाजवळ 'एक्झेटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' या तीन क्रूझरांशी त्याची गाठ पडली. तोफांच्या बाबतीत तिघींपैकी एकही त्याच्या तोडीची नव्हती, तरी तिघींनी मिळून त्याला घेरले. एकट्या 'एक्झेटर'वर ६१ माणसे पडली, 'ग्राफ स्पे'वर ३६. घायाळ जहाज घेऊन लांग्सडोर्फ तटस्थ उरुग्वेच्या मोंतेविदेओ बंदरात शिरला. तेथे त्याला ७२ तासांची मुदत मिळाली. बाहेर मोठे ब्रिटिश आरमार टपून बसले आहे, अशी हूल उठवण्यात आली होती आणि ती त्याला खरी वाटली. १७ तारखेच्या संध्याकाळी त्याने माणसे उतरवली, जहाज बंदराबाहेर नेले आणि किनाऱ्यावरच्या हजारो लोकांच्या देखत ते आपल्याच हाताने सुरुंग लावून उडवून दिले. हजाराहून अधिक तरुण त्या निर्णयामुळे जिवंत राहिले. त्यांची सोय लावून झाल्यावर दोन दिवसांनी, ब्वेनोस आयरेसमध्ये, जुन्या आरमाराचा ध्वज अंथरून त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. स्वाभिमानी कप्तानाला आपले दैव जहाजाच्या दैवापासून वेगळे करता येत नाही, अशा आशयाचे पत्र त्याने मागे ठेवले होते. त्याच्या अंत्ययात्रेला, त्यानेच बुडवलेल्या एका इंग्रज व्यापारी जहाजाचा कप्तानही हजर होता.

ही सारी कथा दूरदेशीची खरी. पण तिचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. त्या लढाईतली 'अकिलीस' १९४८ साली भारताने विकत घेतली आणि तिचे नाव 'दिल्ली' ठेवले. लढाईच्या वेळी तिचे कप्तान असलेले पॅरी त्याच वर्षी आपल्या आरमाराचे प्रमुख होऊन आले. १९६१ च्या डिसेंबरात दीव मुक्त करताना याच 'दिल्ली'च्या तोफा पोर्तुगीजांवर धडाडल्या.

आणि त्याच दीवच्या समुद्रात, बरोबर दहा वर्षांनी, दुसऱ्या कप्तानाची परीक्षा झाली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'खुकरी' ही आपली फ्रिगेट पाणबुडीच्या शोधात फिरत होती. पाणबुडीची शिकार करण्यासाठीच ती बांधलेली होती. पण त्या रात्री शिकाऱ्याचीच शिकार झाली. 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने 'खुकरी'चा वेध घेतला आणि काही मिनिटांत ती तळाशी गेली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. जे वाचले त्यांनी कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांची हकीगत सांगितली: मुल्लांनी माणसांना पाण्यात उतरायला लावले, आपले जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिले, आणि स्वतः जहाज सोडायचे नाकारले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. पंचेचाळीस वर्षांचे वय, पाठीमागे संसार.

आता प्रश्न असा, की यांनी केले ते योग्य केले काय? व्यवहारी माणूस म्हणेल, कप्तान घडवायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. असा माणूस युद्ध चालू असताना बुडू देणे ही आरमाराची हानीच नव्हे का? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याच इतिहासात १६६० साली पावनखिंडीत बाजीप्रभू मागे राहिले आणि महाराज विशाळगडाकडे निघून गेले. महाराजांना त्याबद्दल कोणी भित्रा म्हटले नाही, म्हणणारही नाही. त्यांचे निघून जाणे हेच त्या वेळी कठीण कर्तव्य होते. तेव्हा पुढाऱ्याने मरावे असा काही नीतीचा नियम नाही. आपल्या राहण्याने कोणाचे भले होते, हे त्याने पाहावे, एवढाच नियम आहे.

या कसोटीवर लांग्सडोर्फचा मोठेपणा मोंतेविदेओत आहे, ब्वेनोस आयरेसमध्ये नाही. हजार आयांची मुले त्याने स्वतःच्या लौकिकापेक्षा मोलाची मानली. आपल्या राजवटीचा रोष आणि जगाचा उपहास त्याने पत्करला. पिस्तुलाच्या त्या गोळीने मात्र कोणाचेच भले झाले नाही. ते कर्ज त्याच्याकडे कोणी मागितलेच नव्हते. आयुष्यभर माणूस आणि लोखंड यांत भेद करणाऱ्या त्या माणसाने शेवटच्या क्षणी स्वतःला मात्र लोखंडात जमा केले, याचे वाईट वाटते.

मुल्लांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे जहाज रिकामे नव्हते. खाली, बंद झालेल्या दारांपलीकडे, त्यांच्या हुकमाने तेथे उभी असलेली माणसे होती आणि त्यांना वर येण्याची वाट उरली नव्हती. अशा वेळी होडीत बसलेल्या कप्तानाला कोणताही कायदा दोषी ठरवणार नाही. पण ज्यांना आपण खाली पाठवले त्यांना सोडून मी वर कसा जाऊ, असे एखाद्याला वाटले, तर त्याला व्यर्थ अभिमान म्हणायला जीभ धजावत नाही. स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या धर्मराजाने बरोबर आलेल्या कुत्र्याला टाकून आत जायचे नाकारले. त्याच्या नकारात हिशेब नव्हता, सोबत होती.

तरीही मला वाटते, आपण वंदन करावे ते त्या बुडण्याला नव्हे, त्या जाकिटाला. बुडण्याची कथा ऐकताना अंगावर काटा येतो, म्हणून ती मुलांना सांगितली जाते. जाकीट देणे ही त्या मानाने अगदी साधी क्रिया. पण तिच्यामुळे दुसऱ्या एका माणसाला जगण्याची संधी मिळाली. शौर्याची किंमत मेलेल्या माणसांवरून करण्याची आपल्याला सवय लागली आहे. ती वाचलेल्यांवरून करू लागलो, तर कितीतरी पराभव विजयांत मोडतील.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला ना तोफा येणार, ना तुफान. पण शेवटी उतरण्याचा धर्म समुद्रावरच पाळावा लागतो असे थोडेच आहे! या दिवाळीत घरोघरी पंगती बसतील. साऱ्यांची पाने वाढून झाल्यावर, भांड्याच्या तळाशी काय उरले आहे ते पाहून, जी बाई सर्वांच्या शेवटी जेवायला बसेल, तिला या धर्माचे नावही ठाऊक नसेल. तिने उपाशी राहावे असे कोणताच धर्म सांगत नाही. तिच्यासाठी करंजी शिल्लक आहे की नाही, हे आधी जेवून उठलेल्यांनी पाहायचे आहे.