तीन फुटी आरसा

आमच्या घरात आरसे तीन. एक न्हाणीघरातला, तो वाफेमुळे नीट काही दाखवत नाही, म्हणून माझा आवडता. दुसरा लोखंडी कपाटाचा, तो सगळंच दाखवतो. आणि तिसरा तीन फूट उंचीचा, चार वर्षांचा, बोलका. त्याचं नाव चिमी.

परवा दुपारी चिमी माझ्या पोटावर डोकं ठेवून लोळत होती. मधेच दोन्ही हातांनी पोट दाबून बघत म्हणाली, "आई, तुझं पोट कित्ती छान आहे गं! आजीच्या उशीपेक्षा मऊ!"

आता हे प्रशस्तिपत्रक घेऊन मी कुठं जायचं, तुम्हीच सांगा.

पूर्वी स्टेशनावर वजनाचं यंत्र असे. नाणं टाकलं की तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य बरं निघालं की वजनाचं दुःख हलकं होई. आता घरात आलेला काचेचा काटा भविष्य सांगत नाही. तो फक्त भूतकाळ सांगतो, तोही परवाच्या बासुंदीचा. शिवाय त्या आकड्याला उंचीच्या वर्गाने भागायचं असतं. हे गणित क्वेटले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने १८३२ साली मांडलं. त्याला कुणाला बारीक करायचं नव्हतं. सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचं होतं. १९७२ साली त्याचं 'बॉडी मास इंडेक्स' असं बारसं झालं, आणि ग्रहतारे सोडून ते आमच्या राशीला येऊन बसलं.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची आख्यायिका आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. तिला इतिहासात भक्कम आधार नाही, असं जाणकार म्हणतात. परस्त्रीला मातेसमान मानण्यातला मोठेपणा मला शंभर टक्के मान्य. पण त्या गोष्टीत आईच्या रूपाबद्दल जी हळहळ आहे, ती मात्र गोष्ट रचणाऱ्याची. तो नक्की मिशा फुटलेला असणार. चार वर्षांच्या मुलाला रचायला सांगितली असती, तर त्यातला मुलगा सुनेकडे एकदा बघून "माझी आई जास्त छान आहे" म्हणाला असता आणि खेळायला पळाला असता.

हा शोध मी आमच्या ह्यांना सांगितला. वर्तमानपत्रातून डोकं न काढता हे म्हणाले, "तो परीक्षकच पक्षपाती. त्याचा निकाल काय धरायचा?"

पक्षपात खराच, आणि तो जन्मापासूनचा. तान्ह्या बाळाला स्पष्ट दिसतं ते वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतच. म्हणजे पाजणाऱ्या आईचा चेहरा असतो, बरोबर तेवढंच. पण मग निःपक्षपाती परीक्षक कोण? मी सहा वर्षांची होईपर्यंत मी नुसती मी होते. मग आजीने रोज दूध-हळद चोळायला घेतली, तेव्हा कळलं की मी सावळी आहे आणि हिला उजवायची कशी, हा घरापुढे प्रश्न आहे. मायेने बघणारा डोळा आंधळा, आणि मुलगी बघायला आलेला डोळा तेवढा डोळस, हे ठरवलं कुणी?

हे सगळं तत्त्वज्ञान माझ्यापाशी तयार होतं. तरी भाच्याच्या मुंजीत फोटोवाल्याने "रेडी" म्हणताच मी श्वास आत ओढला, पोट आत घेतलं, पदर पुढे केला. वीस वर्षांची साधना आहे ही. योगी लोकही इतका कुंभक करत नसतील.

संध्याकाळी घरी आले, तर चिमी कपाटाच्या आरशासमोर. फ्रॉक वर धरलेला, गाल फुगलेले, पोट आत.

"काय चाललंय गं?"

"फोटोची तयारी. आई, मी जाडी दिसते का गं?"

मला हसू आलं नाही. तिच्या एवढ्याशा पोटात तेव्हा फार तर एक जिलबी असेल. ही शिकवणी लावली कुणी? शाळेने नाही, टीव्हीनेही नाही. रोज साडी नेसताना "शी, काय दिसतेय मी!" म्हणणारी बाई घरातलीच. आजीने मला हळद चोळली, मी हिला श्वास कोंडायला शिकवलं. आजीच्या पाटल्यांची वाटणी अजून व्हायची आहे. हा वारसा मात्र वेळेवर पोचला.

आणि जिला ती 'छान' म्हणते, तिलाच मी रोज तिच्यादेखत 'शी' म्हणते. म्हणजे मी तिला खोटं पाडते. वर सगळे म्हणतात, पोरगी थेट आईवर गेलीय! मग त्या 'शी'चा निम्मा वाटा कुणाकडे जातो?

त्या दिवसापासून मी काही संत झाले नाही. संध्याकाळी चालायला जाते. आमच्या माहेरी मधुमेह आहे, आणि डॉक्टरांना उशीचं कौतुक सांगून भागत नाही. पण आरशासमोरची ती 'शी' आता गिळायला शिकतेय. गिळलेलं पोटातच जातं, त्याला इलाज नाही.

परवा मुंजीचा अल्बम आला. मी सवयीने आधी माझं पोट शोधलं. चिमीने बोट ठेवलं ते माझ्या तोंडावर. "आई, तू इथं कुणावर रागावलीयस?"

श्वास कोंडलेलं माणूस तसंच दिसतं. वीस वर्षांचे अल्बम काढून बघितले. सगळीकडे मी रागावलेली.

पुढच्या कार्याला श्वास सोडून उभी राहीन म्हणते. शेजारच्यांना जागा कमी पडली, तर त्यांनी जरा सरकून घ्यावं.