दिराशीच का?

आमच्या खान्देशात विधवेचं लग्न नवं नाही. बऱ्याच जातींत पाट लागायचा. पण रात्री, अंधारात, वाजंत्रीशिवाय. सवाष्णी तिकडे फिरकत नसत. लग्न चालायचं, त्याचा आनंद दिसलेला चालायचा नाही.

फौजीच्या बायकोबाबत सरकारनंही गावासारखाच हिशोब धरला होता. शौर्यपदक मिळालेला जवान गेला, की पदकाचा भत्ता त्याच्या बायकोला मिळे. तिनं दुसरं लग्न केलं की तो बंद. दिराशी केलं तर मात्र चालू! ही अट काढायला नोव्हेंबर २०१७ उजाडला.

दीर चांगला असतो, कुठं कुठं जीवही जडतो; त्याला माझी ना नाही. पण अटीत तिचं मन कुठंच नव्हतं. बाई अन् पैसा घरात राहिला पाहिजे, एवढंच.

पारावर अजून ऐकू येतं, "लोके काय म्हनतीन? त्यानं देशासाठी जीव दिला, अन् ही..." जीव दिला हे खरंच. पण तिनं उरलेलं आयुष्य त्याच्या फोटोपुढं बसून काढावं, असं तो कधी म्हणाला होता? आमच्या ओळखीतल्या एकीनं धुळ्याला नवा संसार मांडला. पहिल्याचा वर्दीतला फोटो सोबत नेला. भिंतीत खिळा नव्या नवऱ्यानंच ठोकला.