आडोशाला बसून

खुर्चीत नीट टेकून बसा. हेडफोन कानावर चढवा. ‘डेऊस एक्स : मॅनकाइंड डिव्हायडेड’ हा गेम सुरू होतोय, तोवर हात कीबोर्डवर नुसते ठेवा. काहीतरी दाबून टाकावं अशी बोटांना घाई झाली असेल, तर ती घाई आधी ओळखा. पुढचे कितीतरी तास तिच्याशीच गाठ आहे.

अ‍ॅडम जेन्सनच्या कथेचा हा दुसरा भाग. आधीचा ‘ह्यूमन रेव्होल्यूशन’ २०११ साली आला, हा ऑगस्ट २०१६ मध्ये. दोन्ही आयडॉस माँट्रियलचे, आणि दोन्हींच्या मागे २००० सालचा मूळ ‘डेऊस एक्स’ उभा आहे. आधीचं खेळला नसाल तर काही अडत नाही. मागच्या कथेची चित्रफीत गेममध्येच आहे, ती टाळू नका. अ‍ॅडम जेन्सन एका कंपनीचा सुरक्षाप्रमुख. हल्ल्यात मरता मरता वाचला, आणि शुद्धीवर आला तेव्हा त्याचे हात यंत्राचे झाले होते. त्याला कोणी विचारलं नव्हतं. मग २०२७ मध्ये एका सिग्नलने यंत्रावयव बसवलेल्या माणसांचा स्वतःवरचा ताबाच सुटला आणि जगभर माणसं मेली. आता २०२९ चालू आहे, आणि असा हात दिसला की लोक बाजूला सरकतात.

आधीच्या भागाला चार शेवट होते. त्यातला कुठलाही तुम्ही निवडलेला असो, इथली सुरुवात एकच आहे. यापाशी जरा थांबा. एवढा विचार करून घेतलेला निर्णय जगाने मोजलाच नाही, हे मनाला लागतं का बघा. लागू द्या. ज्याच्या शरीरात तुम्ही आता शिरताय, त्याचंही दुःख याच जातीचं आहे.

पहिल्या मोहिमेसाठी दुबईला निघालेल्या विमानात तुम्हाला हत्यार निवडायला सांगतात. जीव घेणारं की बेशुद्ध करणारं? जवळून वापरायचं की लांबून? खाली कोण आहे ते अजून दिसलेलं नाही, एकही चेहरा समोर आलेला नाही, आणि त्यांच्या जिवाचा प्रश्न मात्र आत्ताच विचारला गेलाय. पटकन उत्तर देऊ नका. मी स्वतः बेशुद्ध करणारंच निवडा म्हणेन. ‘ह्यूमन रेव्होल्यूशन’मध्ये काही मोठ्या शत्रूंना मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. या भागात ती सक्ती काढून टाकली आहे. शेवटच्या लढाईपर्यंत एकही जीव न घेता जाता येतं. गेम बनवणाऱ्यांनी एवढी वाट मोकळी ठेवली आहे, तर तिच्यावरून एकदा तरी चालून बघावं.

आता खाली उतरा. अर्धवट बांधून सोडलेलं हॉटेल, आत शिरलेली वाळू, बाहेर वादळाची चाहूल. पहिला आडोसा दिसला की त्याला पाठ लावा आणि कानोसा घ्या. पलीकडे एक पहारेकरी येतो, थांबतो, वळतो, परत जातो. त्याची एक फेरी पूर्ण होऊ द्या. आणखी एक होऊ द्या. पहिल्या फेरीत तो नुसता अडथळा वाटतो. दुसऱ्या फेरीत तो कुठे रेंगाळतो, कुठल्या बाजूला त्याचं कधीच लक्ष जात नाही, हे दिसायला लागतं. साथीदाराशी काही बोलत असेल तर ते संपेपर्यंत हलू नका. इतकं बारकाईने आपण रोजच्या भेटीतल्या माणसांकडेही क्वचित बघतो.

तो पाठमोरा झाला. तुम्ही हात पोचेल इतक्या जवळ आहात. एकच बटण आहे. ते टिचकीसारखं दाबलंत तर माणूस बेशुद्ध पडतो. दाबून धरलंत तर मरतो. बोट किती वेळ खाली राहिलं, एवढ्यावर सगळं. हा क्षण घाईने जाऊ देऊ नका. बोट उचलणं हीसुद्धा कृती आहे, ती जाणवू द्या. मग त्याला ओढत आडबाजूला न्या, कारण दुसऱ्या कुणाला तो सापडला तर जागा केला जाईल. या सगळ्याला जेन्सनच्या शरीरातली ऊर्जाही खर्च होते, म्हणजे एकामागून एक दहा जणांना आडवं करत सुटता येत नाही. श्वास घ्या, थोडी भरून येऊ द्या.

कधीतरी दिसालच. आरडाओरडा होईल, गोळ्या सुटतील, आणि हात आपोआप मागच्या सेव्हकडे जाईल. जाऊ देऊ नका. पळा, एखाद्या हवेच्या झरोक्यातून आत शिरा, दडून बसा. शोधणारे थकतात. त्यांचे आवाज हळूहळू खाली येतात, तुमची छातीही.

पण संथपणाचाही हट्ट धरू नका. या मोहिमेच्या अखेरीस वादळ अंगावर येतं, हेलिकॉप्टर बंद पाडायचं असतं, आणि सिंग नावाचा आपला छुपा माणूस शत्रूंच्या मधोमध अडकलेला असतो. तिथे रेंगाळलात तर तो वाचेलच असं नाही. इतका वेळ बघत बसलात ते अशाच वेळी धावता यावं म्हणून.

पुढे प्राग. रेल्वे स्थानकात स्फोट होतो, जेन्सनची यंत्रं बिघडतात, आणि पुस्तकांच्या दुकानाखाली तळघरात कोलर नावाचा तरुण ती दुरुस्त करतो. त्याला आत दडलेले, जेन्सनलाही ठाऊक नसलेले अवयव सापडतात. ते सुरू केले की शरीरावर ताण येतो आणि बदल्यात दुसरं काही कायमचं बंद करावं लागतं. अवयवांची ताकद वाढवायला हाताशी असलेले प्रॅक्सिस पॉइंट तिथेच उधळू नका. आधी वर या, शहर फिरा.

मेट्रोत दोन प्रकारचे डबे आहेत, यंत्रावयववाल्यांचे वेगळे आणि इतरांचे वेगळे. मुद्दाम इतरांच्या डब्यात चढा. उतरल्यावर पोलीस अडवतो, कागद मागतो, वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. दुबईत तुम्ही ज्या नजरेने पहारेकरी निरखलात, ती आता तुमच्यावर आहे, आणि इथे दडायला आडोसा नाही. कागद परत मिळेपर्यंत उभे राहा. पुढच्या फेरीला कुठल्या डब्यात चढायचं, ते मग ठरवा.