राहुट्या करणारा प्रेषित
(मननार्थ शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें १८:१-११)



प्रेषित पौल करिंथ शहरीं प्रथम आला तेव्हां त्याच्या पाठीशीं कोणतीही संस्था नव्हती, हातीं कोणाचें नेमणूकपत्र नव्हतें, आणि महिनाअखेर वेतन पोंचतें करणारा कोणी खजिनदारही नव्हता. मग त्यानें काय केलें? लूक हें अगदीं थोड्या शब्दांत सांगतो. अक्विला नांवाचा एक यहूदी व त्याची पत्नी प्रिस्किला हीं दोघें, क्लौद्य बादशहानें यहूद्यांस रोम शहरांतून घालवून दिल्यामुळें, नुकतींच तेथें येऊन राहिलीं होतीं. त्यांचा व पौलाचा धंदा एकच असल्यामुळें तो त्यांच्या घरीं उतरला व त्यांच्याबरोबर राहुट्या करूं लागला. शब्बाथ दिवशीं सभास्थानांत संवाद, आणि बाकीचे दिवस सुई, दोरा व आरी. त्या शहरांत तो दीड वर्ष राहिला.

या राहुट्या कशाच्या असत याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पौलाची जन्मभूमि तार्स ही किलिकिया प्रांतांत होती, व तो प्रांत बकऱ्याच्या केसांच्या जाड कापडाविषयीं प्रसिद्ध असल्यामुळें, पौल तें कापड कापून शिवीत असावा असें कित्येक म्हणतात. दुसरे म्हणतात कीं, राहुट्या चामड्याच्या असत, व पौल चामड्याचें काम करणारा होता. आम्हांस दोन्ही मतें सारखींच प्रिय आहेत. पहिलें खरें असल्यास तो आपल्या जिल्ह्यांतील धनगर व सणगर बांधवांच्या जवळचा ठरतो, जे आजही लोकरीचें सूत मागावर चढवून व त्याला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडें विणतात. आणि दुसरें खरें असल्यास तो ज्यांच्या आरीला व रापीला या देशानें शतकानुशतकें अपवित्र म्हटलें त्यांच्या पंक्तीस येऊन बसतो. पेत्रही यापोंत शिमोन नांवाच्या चांभाराच्याच घरीं उतरला होता, हें शास्त्रांत लिहून ठेवलेलें आहे, तें उगाच नव्हे.

हा विषय आज आम्हीं कां काढिला, तें सांगतों. गेल्या कांहीं वर्षांत आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण व कित्येक भगिनी स्वतःच्या हिमतीवर काम करूं लागल्या आहेत. कोणी घरीं शिलाईचें यंत्र ठेविलें आहे, कोणी गवंडीकामाचीं छोटीं कंत्राटें घेतो, कोणी मोबाईल दुरुस्त करितो, कोणी संगणकावर दूरच्या लोकांचें लिखाण वा हिशेब करून देतो. यांस मालक नाहीं, हजेरीपट नाहीं, आणि पगाराची तारीखही नाहीं. हे बांधव उपासनेनंतर आम्हांस एकांतांत गांठून जें विचारतात त्याचा सारांश असा कीं, पाळकसाहेब, काम आहे तों आहे. पण मन खचतें, सकाळीं उठावेंसें वाटत नाहीं, आणि घरचीं माणसें म्हणतात, यापेक्षां एखादी नोकरी बरी.

घरच्या माणसांच्या या बोलण्यास मोठा इतिहास आहे, व तो समजून घेतल्यावांचून त्यांस दोष देऊं नये. आपले वाडवडील गांवगाड्यांत बलुतें घेऊन राहत. शीव राखणें, सांगावा पोंचविणें, मेलेलें जनावर ओढणें, आणि खळ्यावर धान्य तयार झालें कीं आपला वाटा मागावयास जाणें. काम किती करावें हें त्यांच्या हातीं नव्हतें, आणि मोबदला किती मिळावा हेंही नव्हतें. सन १८३१ त अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरास आले, व पुढें खेड्यापाड्यांतून मंडळ्या उभ्या राहिल्या. ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला त्यांचें बलुतें कित्येक ठिकाणीं गांवानें बंद केलें. तेव्हां शाळामास्तर, उपदेशक, बायबल शिकविणारी बाई, दवाखान्यांतला मदतनीस, अशी मिशनची चाकरी हाच पुष्कळांचा आधार झाला. ज्या घरानें खळ्यावर हात पसरण्याचा अपमान सोसला होता, त्या घरांत पहिल्या तारखेस मोजून रुपये येऊं लागले, तेव्हां त्या घरानें नोकरीस देवाची मोठी कृपा मानिलें, यांत नवल कसलें? तीं कनिष्ठ गांववतनें तर सन १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं. परंतु आजीच्या मनांतील भीति कायद्यानें रद्द होत नसते.

तथापि हेंही विसरूं नये कीं, मिशननें केवळ चाकऱ्याच दिल्या नाहींत. सन १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलांस जवळ घेऊन तिनें त्यांच्या हातांत हत्यारें दिलीं. नगरच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेंत मुलें सुतारकामासारखे धंदे शिकलीं. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें आलेल्या चर्चिल नांवाच्या मिशनरी यंत्रज्ञानें, विणकऱ्याच्या हातून अधिक कापड निघावें म्हणून, हातमागांत सुधारणा करण्यास पुष्कळ श्रम वेंचिले. मिशनऱ्याचें काम केवळ उपदेश करणें असें समजणाऱ्यांस मागाशीं झटणारा हा मनुष्य विचित्र वाटला असेल. पौलाला वाटला नसता.

आणि पगार सोडण्याचीच गोष्ट निघाली, तर आपल्या नगरांत वर्षानुवर्षें राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. सन १९१७ त त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोनच वर्षांनीं, सन १९१९ त, ते प्रभूकडे गेले. त्यांचें हें करणें थोर होतें. परंतु ज्यांनीं लक्ष्मीबाईंचें ‘स्मृतिचित्रें’ वाचिलें आहे त्यांस ठाऊकच आहे कीं, कवि घरांतलें काढून देत असतां संसाराचा गाडा कोणाला ओढावा लागे. म्हणून नोकरी सोडण्याचा विचार ज्याच्या मनांत येतो त्यानें टिळकांचें चरित्र वाचावें, आणि मग घरांत जाऊन आपल्या पत्नीस विचारावें. करिंथांत धंदा अक्विलाचा एकट्याचा नव्हता. लूक दोघांचींही नांवें लिहितो, व पुढें तर प्रिस्किलेचें नांव आधीं येतें.

आतां जें मुख्य दुखणें, त्याकडे वळूं. स्वतःचें काम करणाऱ्याला उठविणारी घंटा नसते. नोकराला आळस आला तर मालकाची भीति त्यास ढकलीत नेते. पण ज्याचा मालक तोच, त्याला कोण ढकलणार? पौलानें थेस्सलनीका येथील मंडळीस आठवण दिली आहे कीं, कोणावर भार पडूं नये म्हणून आपण रात्रंदिवस श्रम केले. त्याच मंडळींत कांहीं लोक कामधंदा टाकून इकडेतिकडे लुडबुडत होते, व त्यांस त्यानें कडक शब्दांत समज दिली. उत्साह ही ढगासारखी वस्तु आहे. आपल्या अवर्षणी तालुक्यांत तिच्या भरंवशावर कोण पेरणी करील? शेतकरी मृगाच्या आधीं नांगरट उरकून ठेवितो. पाऊस आल्यावर नांगर शोधीत बसत नाहीं. तसेंच या बांधवांनीं करावें. काम असो वा नसो, ठराविक वेळीं उठून, प्रार्थना करून, ठराविक जागीं बसावें. काम नसेल त्या दिवशीं यंत्रास तेल द्यावें, हत्यारांस धार लावावी, राहिलेला हिशेब लिहावा, जुन्या गिऱ्हाइकाकडे जाऊन यावें. मन मागून येतें.

दुसरें दुखणें उचलीचें. पाथर्डी-शेवगांवाकडील आपले कित्येक बांधव दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, त्यांस हा शब्द समजावून सांगावयास नको. मुकादमाकडून आधीं उचल घ्यावयाची, ती लग्नांत किंवा दुखण्यांत खर्चून जावयाची, आणि मग नवराबायकोच्या जोडीनें, जिला ‘कोयता’ असेंच म्हणतात, सारा हंगाम ती फेडीत राहावयाचें. स्वतःचा धंदा करणाऱ्यास वाटतें कीं, आपण यांतून सुटलों. परंतु गिऱ्हाइकाचे आगाऊ पैसे घेऊन जो ते घरांत खर्चितो, तो उचलच घेत असतो.

येथें आम्हांस आपली लाज सांगितली पाहिजे. पाळकाचें काम पत्करण्यापूर्वीं आम्ही कांहीं वर्षें पानांच्या हिशेबानें भाषांतरें करून पोट भरीत होतों. एका गृहस्थांकडून आम्हीं अर्धे पैसे आगाऊ घेतले. ते संपले, आणि पैसे संपल्याबरोबर कामाची गोडीही संपली. मुदत टळली तेव्हां आम्हीं ताप आल्याचें कळविलें. ताप आला नव्हता. पुढील रविवारीं प्रभुभोजन होतें. भाकरीचें ताट आमच्यापुढें आलें, आणि आम्हीं तें तसेंच पुढें सरकविलें. सोमवारीं त्या गृहस्थांकडे जाऊन खरें तें सांगितलें, व तीन आठवड्यांत काम पुरें करून दिलें. त्यांनीं उरलेले पैसे मोजून दिले, रागाचा शब्द काढिला नाहीं, आणि पुन्हां आम्हांस कधीं काम दिलें नाहीं. त्यांचें कांहीं चुकलें असें आम्हांस आजही वाटत नाहीं. तेव्हांपासून आगाऊ रक्कम वेगळ्या डब्यांत ठेवावयाची व काम झालें तेवढीच त्यांतून काढावयाची, असा नियम आम्हीं केला. सन २०२३ पासून सरकारनें ‘विश्वकर्मा’ नांवाची योजना चालविली आहे; तींत लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, गवंडी अशा अठरा धंद्यांस शिक्षण, हत्यारांकरितां साह्य व हलक्या व्याजाचें कर्ज मिळतें. तिचा लाभ पात्र बांधवांनीं जरूर घ्यावा. पण तें कर्जही त्याच डब्यांत ठेवावें.

तिसरें दुखणें रिकाम्या दिवसांचें, आणि हेंच सर्वांत कठीण. मत्तयाच्या विसाव्या अध्यायांत द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळतां मावळतां बाजारांत जातो, तों कांहीं जण अजून उभेच. दिवसभर येथें कां उभे, असें त्यानें विचारल्यावर ते सांगतात कीं, आम्हांस कोणीं कामावर लाविलेंच नाहीं. तालुक्याच्या गांवीं मजूर जेथें सकाळीं जमतात तो नाका ज्यानें पाहिला आहे, त्यास ठाऊक आहे कीं, दुपारीं बारा वाजतां तेथें उरलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो. तो आळशी नसतो. आळशी मनुष्य नाक्यावर येतच नाहीं. म्हणून ज्याला काम मिळालें नाहीं त्याला, तुझ्या विश्वासांत उणें असेल, असें उपदेशकांनीं कदापि म्हणूं नये. विश्वास धरिला कीं धंद्यांत बरकत आलीच, असें सांगत फिरणारे लोक अलीकडे आपल्या खेड्यांतूनही येऊं लागले आहेत. त्यांस पौलाचीं पत्रें उघडून दाखवावीं. उपास, थंडी व उघडेपणा त्यानें किती सोसला तें तेथें लिहिलेलें आहे. एलीया रतामाच्या झुडुपाखालीं पडून मरण मागूं लागला, तेव्हां देवदूतानें त्यास व्याख्यान दिलें नाहीं. त्याला झोपूं दिलें, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें उशाशीं ठेविलें, आणि उठवून खावयास लाविलें. तेंही दोन वेळां.

ती भाकर मंडळीनें ठेवावयाची आहे. पौलाला अक्विलाचें घर मिळालें म्हणून त्याचा धंदा चालला. आपल्या मंडळींतील शिलाई करणाऱ्या पांच बहिणींनीं, एकमेकींचीं गिऱ्हाइकें तोडण्याऐवजीं, आठवड्यांतून एक संध्याकाळ एकत्र बसण्यास काय हरकत आहे? एकीकडे लग्नसराईचें काम तुंबलें असतां दुसरीचें यंत्र कापडाखालीं झांकलेलें असतें, हें आम्हीं एकाच आळींत पाहिलें आहे. तसेंच मंडळींतील मनुष्याकडून काम करवून घेतल्यावर, आपलाच भाऊ आहे म्हणून त्याचे पैसे दिवाळीपर्यंत अडकवून ठेवणें, ही सवय आपण सोडली पाहिजे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी हा मोशेचा नियम आहे, व त्यांत भावाला सूट नाहीं.

जातां जातां एक गोष्ट. पौल स्वतः कमावून खात असे, तेव्हां आमच्या पाळकानेंही तसेंच करावें, असें म्हणून मंडळीची वर्गणी चुकविणारे कांहीं चतुर लोक असतात. त्यांनीं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय सावकाश वाचावा. सुवार्ता सांगणाऱ्यानें तिच्यावर उपजीविका करावी हा हक्क पौल तेथें ठासून मांडतो. तो बजावणें न बजावणें मात्र स्वतःच्या हातीं ठेवितो. आणि फिलिप्पैकरांनीं धाडलेलें साह्य त्यानें आनंदानें घेतलें, परत केलें नाहीं.

या प्रेषिताचें पुढें काय झालें? इफिसांतही तो हातांनीं काम करीत राहिला. यरुशलेमास जातांना मिलेत येथें त्यानें इफिसच्या वडिलांस बोलावून घेतलें. कोणाच्या सोन्याचा, रुप्याचा वा वस्त्राचा लोभ आपण धरिला नाहीं असें सांगून, माझ्या व माझ्या सोबत्यांच्या गरजा याच हातांनीं भागविल्या, असें म्हणतांना त्यानें आपले हात पुढें केले असतील. सुईनें टोंचलेले, दोऱ्यानें कापलेले ते हात त्या वडिलांनीं तीन वर्षें पाहिले होते. मग त्यानें गुडघे टेंकून सर्वांबरोबर प्रार्थना केली. ते सर्व फार रडले, त्याच्या गळ्यांत पडले, आणि त्याला तारवापर्यंत पोंचवावयास गेले.