दोघांमध्ये तिसरं कुणी नाही

नवरा-बायकोनं दोघांनीच फिरायला जावं, याला आपल्याकडे आयुष्यात एकदाच बिनशर्त मान्यता असते: लग्नानंतर लगेच. पुढचे सगळे प्रवास कुटुंबाचे. कुलदैवताचं दर्शन, मुलांची मे महिन्याची सुट्टी, कुणाचं तरी लग्नकार्य. परदेशवारीचा योग आलाच, तर सहल कंपनीची बस असते, वेळेवर वरण-भात असतो आणि कुठे किती थांबायचं ते टूर लीडर सांगतो. या प्रवासांना मी नावं ठेवत नाही. माझ्या आईनं अशाच बसमधून सिंगापूर पाहिलं आणि पुढची कित्येक वर्षं ती त्याबद्दल आनंदानं बोलत राहिली. पण या साऱ्यात नवरा-बायकोच्या मध्ये कायम कुणीतरी तिसरं असतं आणि बहुतेक निर्णयही त्या तिसऱ्याचेच असतात.

पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आम्ही दोघं पाठीवर पिशव्या टाकून निघालो. थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम आणि शेवटी बाली. परतल्यावर सगळे विचारतात, तिथे नवीन काय पाहिलंत? मी रत्नागिरी जिल्ह्यात वाढले. नारळ, केळी, फणस, गुडघाभर पाण्यातली भाताची लावणी, चार दिवस न वाळणारे कपडे यांतलं मला काहीच नवं नव्हतं. नवं होतं ते वीस-बावीस वर्षांच्या संसारानंतर दोघांनीच असणं.

ही वाट ज्यांनी लोकांच्या हाती दिली, तेही एक जोडपंच होतं. टोनी आणि मॉरीन व्हीलर १९७२ मध्ये एक जुनी मोटार घेऊन लंडनहून निघाले. ती त्यांनी काबूलला विकली आणि मिळेल त्या वाहनानं पुढे जात वर्षअखेरीला ते ऑस्ट्रेलियात पोचले, तेव्हा खिशात जेमतेम २७ सेंट होते. लोक इतकं विचारायला लागले की १९७३ मध्ये दोघांनी घरीच एक पुस्तिका तयार केली. पुढे मोटरसायकलवरून आग्नेय आशिया पालथा घालून, सिंगापूरच्या एका स्वस्त हॉटेलात मुक्काम ठोकून त्यांनी या प्रदेशावरचं पुस्तक लिहिलं. ते १९७५ मध्ये निघालं आणि पिवळ्या मुखपृष्ठामुळे पाठपिशवीवाल्यांचं ‘पिवळं बायबल’ झालं. ‘लोनली प्लॅनेट’चा सारा पसारा तिथून वाढला.

त्या पुस्तकांचे मी आभारच मानते. मात्र त्यांतली नजर थंड देशातून आलेल्या माणसाची आहे. त्याला ऊन म्हणजे सुटका वाटते, माडांची रांग दिसली की आपण स्वर्गात आलो असं वाटतं, आणि त्या स्वर्गात न्याहारीला घरची आठवण देणारं केळ्याचं पॅनकेक लागतं. या वाटेला ‘बनाना पॅनकेक ट्रेल’ हे टोपणनाव त्यावरूनच पडलं. आपल्यासारख्या माणसाला त्या उन्हात स्वर्ग दिसत नाही. आपल्याला दिसतं ते पाणी कुठून आणलंय, भात कोणता लावलाय, कौलं कशी शाकारली आहेत. फिरस्त्याचा हा वेगळा डोळा आपल्याकडे आहे, त्याचा आपण फारसा उपयोग केलेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

लाओसमध्ये हुएसायहून लुआंग प्राबांगला मेकाँग नदीतून लांबुळकी लाकडी बोट जाते. दोन दिवस लागतात, रात्रीचा मुक्काम पाकबेंग नावाच्या गावात. आमच्या बोटीत जुन्या गाड्यांमधून काढलेल्या सीटा नुसत्या फळ्यांवर ठेवल्या होत्या. बोट वळली की सीटही सरकायची. मागच्या बाजूला इंजिनाच्या धडधडाटात गावकरी कोंबड्या आणि तांदळाची पोती घेऊन बसलेले. दोन दिवस करण्यासारखं काही नाही आणि फोनला रेंजही जवळजवळ नाही. घरी आमचं बोलणं गॅस सिलिंडर, सासूबाईंची औषधं, मुलाची फी यांवर चालतं आणि तेवढं पुरतं. बोटीत पहिल्या दुपारीच ते संपलं. मग बराच वेळ दोघंही गप्प. संध्याकाळच्या सुमाराला तो आपणहून त्याच्या पहिल्या नोकरीबद्दल बोलायला लागला. धरणाच्या कामावर एका गावाचं पुनर्वसन त्याच्या डोळ्यांसमोर झालं होतं. ही हकिगत मी कधीच ऐकली नव्हती. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं, आणि त्यालाही सांगायला असा निवांत किनारा कधी मिळाला नव्हता.

पैशांचं पाकीट एकच होतं. निर्णयांसाठी आम्ही पाळी लावली: एक दिवस तुझा, एक दिवस माझा. ज्याचा दिवस त्यानं खोली बघायची, भाव करायचा, बस ठरवायची. दुसऱ्यानं त्या दिवशी तक्रार करायची नाही. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटेल. पण ज्या घरात भाजी कोणती हे बायको ठरवते आणि घर कुठे घ्यायचं हे नवरा ठरवतो, तिथे हा बदल मोठा आहे. त्याला चार गेस्टहाउसांच्या गाद्या दाबून बघाव्या लागल्या. मला सीमेवरच्या खिडकीत पासपोर्ट पुढे करून अधिकाऱ्याशी बोलावं लागलं. आणि स्वयंपाकघर दोघांनाही नव्हतं. तो शाकाहारी, मी मासे खाणारी. व्हिएतनाममध्ये चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे ‘चाय’ अशी पाटी लावलेल्या शाकाहारी खानावळी गावोगाव सापडतात. त्या शोधण्याचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. नवऱ्याच्या जेवणाची जबाबदारी डोक्यावर नसण्याची सवय व्हायला मला त्याच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

लुआंग प्राबांगच्या रात्रीच्या बाजारात एक बाई चमचे विकत होती. हातात घेतला तर कागदासारखा हलका. हे चमचे बॉम्बच्या आणि विमानांच्या भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून, गावातल्या भट्टीत साच्यांत ओतून करतात. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. दरडोई हिशेब केला तर इतका मारा जगात दुसऱ्या कुठल्याच देशानं सोसलेला नाही. २७ कोटींच्या वर छोटे बॉम्बगोळे पडले, त्यांतले सुमारे ३० टक्के फुटलेच नाहीत आणि आजही शेत नांगरताना ते फुटतात. तो म्हणाला, “नको. लोकांच्या मरणाची आठवण आपण हौसेनं घरी नेऊन मांडायची?” मी म्हणाले, “अरे, तिनं त्या मरणातून पोटापाण्याचा धंदा उभा केलाय, तो तरी चालू दे.” त्या रात्री आम्ही यावर खूप बोललो, थोडे चिडलोसुद्धा. मी चमचे घेतले. त्याचं म्हणणं बदललं नाही, माझंही नाही. एकटी असते तर चमचे घेऊन पुढे गेले असते आणि त्याची बाजू मनात आलीच नसती. सोबत आणखी माणसं असती तर कुणीतरी विषय बदलला असता.

दोघांनी फिरायचं म्हणजे सतत हातात हात घालून असायचं, असंही नाही. अंगकोरला आम्ही सरळ दिवसभरासाठी वेगळे झालो. मला बाराव्या शतकातल्या अंगकोर वाटच्या भिंतीवरचं समुद्रमंथन बघायचं होतं, त्याला पश्चिम बाराय. अकराव्या शतकातला हा जलाशय सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे आणि त्यात अजून पाणी आहे. पाटबंधाऱ्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला मंदिरांपेक्षा ते मोठं वाटलं, यात नवल नाही. रात्री त्यानं तोन्ले साप सरोवराबद्दल सांगितलं: पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरतं.

बालीला मात्र आम्ही एकाच जागी खिळलो. जातिलुविहच्या भातखाचरांत ‘सुबाक’ नावाची व्यवस्था चालते. एका पाण्यावर भिजणाऱ्या खाचरांचे शेतकरी एकत्र बसतात आणि पाणी कुणाला कधी सोडायचं, लावणी कधी, रान कधी पडीक ठेवायचं हे ठरवतात. वरची आणि खालची सुबाकं जलमंदिरांनी एकमेकांशी जोडलेली आहेत. ही पद्धत जवळजवळ हजार वर्षं चालत आली आहे. २०१२ मध्ये ती जागतिक वारशात गेली. १९७० च्या दशकात सरकारनं नव्या वाणाचा भात आणून प्रत्येकाला जमेल तितक्या वेळा पीक घ्यायला लावलं. मंदिरांचं वेळापत्रक मोडलं, पाण्याची ओढाताण झाली, आणि सगळी रानं एकदम पडीक राहीनाशी झाल्यावर किडीला बारमाही खाणं मिळालं. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं पुढे संगणकावर मांडणी करून दाखवलं की मंदिरांचं वेळापत्रक पाणी आणि कीड या दोन्हींचा हिशेब एकदम सांभाळत होतं.

नवरा बांधावर उभा राहून तिथल्या शेतकऱ्याला हातवारे करत आपली फड पद्धत समजावत होता. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर छोटे बंधारे, बंधाऱ्याच्या पाण्याचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायला पाटकरी. त्या शेतकऱ्याला ‘पाटकरी’ शब्द कळला नाही, पण माणूस कोणता ते लगेच कळलं. त्यानं आमच्या यजमानांना बोलावून सुबाकच्या प्रमुखाकडे निरोप पाठवला. कुठल्याही पुस्तकानं आम्हांला त्या प्रमुखाच्या ओसरीवर नेलं नसतं. आपण उष्ण, पावसाच्या देशातून तशाच देशात जातो, तेव्हा अशी दारं उघडतात.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ही वाट स्वस्त आहे ती तिथल्या लोकांच्या कमी मजुरीमुळे. आणि तिची किंमत तिथला निसर्गही मोजतो. थायलंडचा माया बे हा किनारा २००० सालच्या एका सिनेमामुळे जगभर गाजला. गर्दीनं तिथलं प्रवाळ इतकं उद्ध्वस्त केलं की जून २०१८ मध्ये तो बंदच करावा लागला आणि २०२२ मध्ये कडक अटींवर उघडला. पाठपिशवीवाले आधी गेले, मोठ्या बोटी मागून आल्या. आमचाही त्यात वाटा आहे. म्हणून आम्ही भाव करणं भाड्यापुरतं ठेवलं, टोपलीवालीशी केलं नाही, आणि एका गावात जास्त दिवस राहिलो.

परत आल्यावर माझी भाची आणि तिचा नवरा कागद-पेन घेऊन आले. लग्नाला दोन वर्षं झालेली, दोघांच्या मिळून जेमतेम तीन आठवड्यांच्या रजा. माझ्या नवऱ्यानं त्यांना पाऊस कधी उतरतो, हनोईहून सायगावपर्यंतच्या १७२६ किलोमीटरच्या रेल्वेत सहा बर्थांच्या डब्यात खालचा बर्थ का घ्यावा, ते सविस्तर सांगितलं. मी सांगितलं, बोटीनं जा आणि ते दोन दिवस वाचवू नका. व्हिएनतियानला विमानानं उतरून रेल्वेनं दोन तासांत लुआंग प्राबांगला पोचता येतं, हे जावयानं फोनवर तेवढ्यात शोधून काढलं होतं. भाची म्हणाली, “तो दिवस माझा असेल. आम्ही बोटीनं जाऊ.”